ठासणीची बंदूक, छऱ्याचे माप आणि सशाची शिकार : कडा परिसराच्या संदर्भात काही शब्दांचा इतिहास

सशाच्या शिकारीस निघताना वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, अशा अर्थाची एक म्हण मराठीत सर्वत्र रूढ आहे. दूरदर्शीपणाचा उपदेश म्हणून ती शाळेपासून आपल्या कानी पडते व तिच्या शब्दार्थाकडे आपण सहसा लक्ष देत नाही. परंतु नळीच्या तोंडातून दारू व शिसे भरावयाच्या जुन्या बंदुकीचा व्यवहार ज्यास ठाऊक आहे, त्यास ही म्हण शब्दशः घेता चमत्कारिक वाटल्यावाचून राहणार नाही. वाघासाठी जड गोळी व भरपूर दारू ठासलेली बंदूक सशावर चालविली तर ससा बहुधा निसटेल. आणि लागलाच तर त्याचे मांस खाण्याच्या उपयोगी राहणार नाही. शिवाय एकदा ठासलेला बार आयत्या वेळी बदलता येत नाही. तो उडवून तरी टाकावा लागतो, नाही तर गजाच्या टोकास मळसूत्र लावून मोठ्या कष्टाने बाहेर ओढावा लागतो. तेव्हा या म्हणीतील शिकार मुळात बंदुकीची असेल काय, अशी शंका येते. प्रस्तुत निबंधाचा आरंभ या शंकेतून झाला आहे.

निबंधाचे क्षेत्र म्हणून बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे गाव व त्याच्या भोवतालचा मुलूख घेतला आहे. ग्रामनामाची व्युत्पत्ती सांगण्याचा मोह येथे टाळलेला बरा. मात्र कडा हे दीर्घ काळ दोन राज्यव्यवस्थांच्या कडेला असलेले गाव होते, ही गोष्ट इतिहाससिद्ध आहे. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पश्चिमेस लागूनच असलेला अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) मुंबई इलाख्यात मोडत असे. भाषा एक, बाजारहाट एक, सोयरीक एक. परंतु हत्यारांसंबंधीचे कायदे दोन, अशी येथील स्थिती होती. हत्यारांच्या शब्दांचा विचार करणाऱ्यास म्हणून हा परिसर उपयुक्त आहे.

प्रथम ज्या प्राण्याची ही कथा आहे त्याच्याविषयी दोन शब्द. मराठीत ससा हा एकच शब्द आहे. बिळात कळपाने राहणारा, विलायतेतून पिंजऱ्यातून आलेला पांढरा प्राणीही ससाच आणि माळावरील करडा, लांब कानांचा, एकटा राहणारा प्राणीही ससाच. प्राणिशास्त्रदृष्ट्या हे दोन निराळे. आपल्याकडील रानससा हा काळ्या मानेचा ससा असून तो बीळ खणत नाही. गवताच्या झुबक्यात किंवा झुडपाच्या बुडाशी अंग मावेल एवढी खोलगट जागा करून तो दिवसभर दबून बसतो व संध्याकाळनंतर चरावयास बाहेर पडतो. माणूस अगदी जवळ येईपर्यंत तो हालत नाही आणि उठला की वेडीवाकडी वळणे घेत धूम ठोकतो. त्याच्या शिकारीची सर्व साधने या एका स्वभावावर बेतलेली आहेत. संस्कृत शश, प्राकृत सस, मराठी ससा अशी शब्दाची सरळ परंपरा आहे. फार्सीतील खरगोश या शब्दाचा अर्थ ‘गाढवाच्या कानांचा’ असा आहे. शतकानुशतके फार्सी व उर्दू दरबारी भाषा असलेल्या या मुलखातही तो शब्द मराठी शेतकऱ्याच्या बोलीत रुजला नाही. प्राण्याचे नाव देशीच राहिले.

प्राण्याप्रमाणे त्यास धरण्याचे शब्दही देशीच आहेत. पारध हा शब्द संस्कृत पापर्द्धि या शब्दापासून आला असे व्युत्पत्तिकार मानतात, त्यापासूनच पारधी. ससा, हरिण यांसाठी वाटेवर आडवे लावावयाचे जाळे ते वाघूर. हा शब्द वाघावरून आला असावा असे वाटते, पण तसे नाही. संस्कृत वागुरा म्हणजे जाळे, त्याचे हे रूप होय. फास हा शब्द पाश या शब्दापासून निघाला व त्यावरून फासेपारधी हे जमातीचे नाव पडले. हाका, हाकारे, हाकारणे हे शब्दही याच व्यवहारातील. यांत सर्वांत बोलका शब्द ससेहोलपट हा होय. चोहोंकडून ओरडा, मागे कुत्री, पुढे जाळे, आणि मध्ये दिशाहीन धावणारा ससा असे संपूर्ण चित्र या एका शब्दात साठविलेले आहे. (ससेमिरा या शब्दाचा मात्र सशाशी संबंध नाही, विक्रमराजाच्या कथाचक्रातील स-से-मि-रा या चार अक्षरांवरून तो रूढ झाला, हे अनवधानाने दोहोंची सांगड घालणाऱ्यांच्या निदर्शनास आणून द्यावेसे वाटते.) सशाच्या शिकारीचा हा जुना शब्दसंग्रह तपासला असता त्यात बंदुकीचा मागमूस नाही.

आता दुसऱ्या बाजूने, म्हणजे बंदुकीच्या शब्दांकडून, पाहू. बंदूक हा शब्द अरबी बुंदुक या शब्दाचे रूप. त्याचा मूळ अर्थ एक प्रकारचे कवचीचे फळ. पुढे तशा आकाराची गोळी. आणि अखेरीस ती फेकणारे हत्यार. तोफ हा शब्द तुर्की तोप म्हणजे गोळा यावरून आला. गोळा व गोळी हे तर आपलेच शब्द. तीन भाषांतून आलेल्या या शब्दांच्या मुळाशी अर्थ एकच, तो वाटोळ्या एका वस्तूचा. अग्निशस्त्र म्हणजे एक गोळी फेकणारे साधन, ही कल्पना या शब्दांत पक्की बसलेली आहे. बारीक छऱ्यांचा वर्षाव करणारे साधन ही कल्पना त्यांत कोठेही नाही. केवळ व्युत्पत्तीवरून वस्तूचा इतिहास सिद्ध होत नाही, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. परंतु येथे वस्तूचा पुरावाही त्याच दिशेने जातो. वस्तुसंग्रहालयांतून दिसणाऱ्या दख्खनी तोड्याच्या बंदुका बहुधा लांब नळीच्या, अरुंद भोकाच्या व जाड बुडाच्या असतात. त्या एकेरी गोळीसाठी घडविलेल्या आहेत, हे उघड आहे.

या तोड्याच्या बंदुकीचा शब्दसंग्रह मोठा समृद्ध होता. सुताची सोऱ्यात भिजविलेली, मंद जळत राहणारी वात ती तोडा किंवा जामगी. ती धरणारा वाकडा दांडा तो घोडा. चाप ओढला की घोडा खाली येई. नळीच्या बुडाशी बाजूस असलेले बारीक भोक तो कान. कानाशेजारच्या खोलगट पात्रात घालावयाची बारीक दारू ती रंजक. नळीच्या टोकावरील नेम धरण्याचा उंचवटा ती माशी. ठासण्याची सळई तो गज. घोडा, कान, माशी यांवरून लोकांनी या परक्या यंत्रास आपल्या ओळखीच्या सृष्टीत कसे बसविले ते दिसून येते. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली, तेव्हा हा व्यवहार जिवंत होता. त्याही पूर्वी शिवकालात रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्ग योजावा लागला, यावरून या क्षेत्रात यावनी शब्दांचे प्राबल्य किती होते याची कल्पना येते.

आज यांतील काही शब्द अर्थ बदलून उरले आहेत व तेथेच अभ्यासकाची फसगत होते. रंजक म्हणजे मनोरंजन करणारे, एवढेच आजच्या विद्यार्थ्यास ठाऊक. मोडी कागदात दारू, शिसे यांच्या हिशेबाशेजारी ‘रंजक’ आला तर तो गोंधळून जातो. दारू हा शब्द फार्सीत औषधवाचक होता. मराठीत तो स्फोटक चूर्णास लागला व पुढे मद्यास. आज दारूगोळा, दारूकाम, शोभेची दारू अशा जोडशब्दांतच त्याचा शस्त्रविषयक अर्थ टिकून आहे. बार म्हणजे फार्सीत ओझे, भार. बंदुकीत घातलेला भार तो बार, आणि मग त्याचा आवाजही बार. बार भरणे, बार उडविणे, फुसका बार हे वाक्प्रचार आपण नित्य वापरतो, पण फुसका बार कशामुळे होतो हे सांगणारा विरळा. रंजक भडकून ज्वाला कानातून आत पोहोचली नाही, अथवा दारूस ओल लागली, किंवा ठासणी सैल राहिली, तर बार फुसका जाई.

अशा तोड्याच्या बंदुकीने ससा मारता येत नसे काय? बसलेला ससा दिसला, तोडा पेटलेला असला, वारा नसला, तर मारता येई. पण ससा बसलेला दिसतच नाही. तो उठतो तेव्हा दिसतो. चाप ओढल्यापासून रंजक पेटून बार उडेपर्यंत जाणारा अवधी क्षणभराचाच असला तरी धावत्या सशाच्या बाबतीत तो फार होतो. त्यात गोळी एकच. रात्री चरणाऱ्या सशावर जावे तर जळत्या तोड्याचा ठिपका व त्याचा वास दोन्ही शिकाऱ्याविरुद्ध जातात. शिवाय एका सशासाठी एक गोळीभर शिसे व दारू खर्च करणे गरीब माणसास परवडणारे नव्हते. वाघूर पुन्हा पुन्हा वापरता येते, फास केसाचा अथवा दोऱ्याचा असतो, आणि कुत्रे घरचेच असते. सशाच्या शब्दसंग्रहात बंदूक का शिरली नाही, याचे हे व्यावहारिक कारण होय.

बंदुकीच्या यंत्रात पुढे दोन बदल झाले. पहिला चकमकीचा. हा शब्दही तुर्कीच. गारगोटीच्या आघाताने ठिणगी पाडून रंजक पेटविणारी ही बंदूक कवायती फौजांबरोबर दख्खनेत पसरली. कड्याच्या आग्नेयेस जामखेड तालुक्यात असलेल्या खर्डा येथे १७९५च्या मार्चमध्ये मराठे व निजाम यांची लढाई झाली. तीत निजामाकडून रेमाँ या फ्रेंच सेनानीच्या हाताखालील पलटणी होत्या. हैदराबादेतील तोफांचा कारखाना त्याच वर्षी उभा राहिला. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस या परिसराच्या दाराशी नव्या पद्धतीच्या बंदुका येऊन ठेपल्या होत्या. तथापि गावोगाव तोड्याचीच बंदूक टिकून राहिली, कारण ती गावच्या लोहारास दुरुस्त करता येई. चकमकीच्या यंत्रातील कमानी घडविणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा. १८०७ साली अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याच्या उपयोगाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची लहानशी टोपी निघाली. तिला मराठीत टोपी व इंग्रजीवरून केप अशी नावे पडली. नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर केप बसवावयाची, घोडा तिच्यावर आपटला की ज्वाला सरळ दारूत जाते. रंजक, तोडा, चकमक या सर्वांची गरज संपली. फॉर्साइथ स्वतः रानपक्ष्यांची शिकार करणारा होता आणि चकमकीचा भडका पाहून पक्षी आधीच उडतात ही त्याची अडचण होती, अशी हकीकत सांगितली जाते. धावत्या व उडत्या सावजाच्या शिकारीनेच बंदुकीच्या यंत्रात हा पालट घडविला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. छरे पाडण्याची कलाही याच सुमारास सुधारली. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून पाण्यात सोडून वाटोळे छरे पाडण्याचे पेटंट ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स याने १७८२ साली घेतले होते. केप आणि बाजारी छरे यांच्या संयोगाने बंदूक प्रथमच सशाच्या शिकारीचे साधन बनली. आपल्याकडे ही घटना एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आधी घडली असेल असे म्हणता येत नाही.

येथे ठासणीची बंदूक या नावाचा विचार करणे प्राप्त आहे. ठासणे हे क्रियापद जुने आहे, पण हे नाव जुने असू शकत नाही. जोवर सर्वच बंदुका तोंडाकडून भरीत तोवर तिला ठासणीची असे वेगळे म्हणण्याचे कारणच नव्हते. ती नुसती बंदूक होती, किंवा यंत्रभेदाने तोड्याची, चकमकीची, केपाची. बुडाकडून काडतूस घालावयाच्या बंदुका प्रचारात आल्यावर जुनीस विशेषण लागले. नवी वस्तू येते व जुन्या वस्तूचे नाव बदलते, असे भाषेत अनेकदा घडते. विजेचा दिवा आल्यावर पूर्वीचा दिवा तेलाचा दिवा झाला, तसेच हे. काडतूस हा शब्द मात्र फसवा आहे. पोर्तुगीज कार्तुशू यापासून आलेला हा शब्द पूर्वी दारू व गोळी बांधलेल्या कागदी पुडीस लागत असे. १८५७ साली ज्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष पेटला, ती काडतुसे तोंडाकडून भरावयाच्या एन्फील्ड बंदुकीचीच होती. म्हणूनच ती दातांनी फाडावी लागत. तेव्हा जुन्या कागदात काडतूस शब्द आढळला म्हणून ती बंदूक ठासणीची नव्हती, असे अनुमान काढू नये.

आता सशासाठी ठासणीची बंदूक निवडावयाची व भरावयाची ती कशी, याचा तपशील पाहू. कारण याच तपशिलात शब्दांचे अर्थ स्पष्ट होतात. नळी आतून गुळगुळीत हवी. भोक मोजण्याची पद्धत अशी की, त्या भोकात बसणाऱ्या शिशाच्या जितक्या गोळ्या एका पौंडात मावतात तितक्या बोराची ती बंदूक. बारा बोराचे भोक सुमारे १८.५ मिलिमीटर भरते. सशासाठी बारा किंवा सोळा बोराची नळी सोयीची. अरुंद भोकात तेवढेच छरे घातले तर त्यांचा थर उंच होतो, अधिक छरे नळीच्या कडेशी घासून चपटतात व वेडेवाकडे पसरतात. गोळीसाठी घडविलेली जुनी अरुंद नळी छऱ्यांस निकृष्ट ठरते ती यामुळे. नळ्या दोन असल्या, म्हणजे बंदूक दुनळी असली, तर एका नळीत छरे व दुसरीत गोळी ठेवता येते. आरंभी सांगितलेली म्हण बंदुकीस लागू पडावयाची तर ती अशा दुनळीसच लागू पडेल.

मापाचा जुना नियम सोपा आहे. दारू जेवढी तेवढेच छरे, आणि दोन्हींस माप एकच. येथे समानता वजनाची नसून आकारमानाची आहे, ही गोष्ट न समजल्यास अनर्थ ओढवतो. बारा बोराच्या नळीस सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने पाच मासे, काळी दारू लागते. तेवढ्याच मापात छरे भरले तर ते सुमारे बत्तीस ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळे भरतात. इंग्रजी शिकारी पुस्तकांतील पावणेतीन ड्राम दारू व सव्वा औंसाहून थोडे कमी छरे हे प्रमाणही नेमके येथेच येऊन पोहोचते. तोळा-मासा व औंस-ड्राम यांच्या दोन परंपरा एकाच अनुभवावर एकत्र याव्यात यात नवल नाही, कारण दोन्ही एकाच द्रव्याच्या स्वभावास बांधलेल्या आहेत. छऱ्यांचा आकार सशासाठी चार, पाच किंवा सहा क्रमांकाचा, म्हणजे अडीच ते तीन मिलिमीटर व्यासाचा घेत. याहून बारीक छरे कातडीत अडकतात. याहून मोठे घेतले तर संख्या घटून सशाभोवती मोकळ्या जागा राहतात.

भरण्याचा क्रम असा. प्रथम दारू, तिच्यावर जाड बोळा, तो गजाने घट्ट ठासावयाचा. मग छरे, त्यांवर पातळ बोळा, तो हलक्या हाताने दाबावयाचा. आणि सर्वांच्या शेवटी केप. जाड बोळा नसला तर छरे दारूत मिसळतात व जोर फुकट जातो. पातळ बोळा नसला तर नळी खाली झुकताच छरे ओघळतात. दुनळीची एक नळी उडाली की धक्क्याने दुसरीतील बोळा सरकतो, म्हणून ती पुन्हा गजाने चाचपावी लागते. भरलेल्या बंदुकीचा गज नळीत कितपत जातो त्याची खूण गजावर केलेली असे. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे त्या खुणेवरून कळे. खूण न पाहता एकावर एक दोन बार ठासले जाऊन नळी फुटण्याचा धोका असे. अधिक दारू म्हणजे अधिक मार, ही समजूतही तितकीच घातक. दारू वाढविली की छरे विखरतात व नेमक्या जागी कमी पोहोचतात.

किती अंतरावर बार टाकावा, यास कागदावरील प्रयोगाचा आधार आहे. निमुळती न केलेली सरळ नळी चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, आपल्या छऱ्यांपैकी साधारण शेकडा चाळीस छरे तीस इंच व्यासाच्या वर्तुळात टाकते. पाच क्रमांकाचे अडीचशेच्या आसपास छरे धरले तर शंभरेक छरे त्या वर्तुळात पडतात. ससा त्या वर्तुळाचा जेमतेम दहावा हिस्सा व्यापतो, म्हणजे त्यास आठदहा छरे लागतील. याहून दूरचा बार सशास मारण्याऐवजी जखमी करून सोडतो. म्हणून पंचवीस-तीस मीटरच्या पलीकडे चाप ओढू नये, हा समंजस शिकाऱ्याचा दंडक होता.

काळ्या दारूची घटकद्रव्ये सोरा, गंधक व कोळसा ही होत. इंग्रजी प्रमाण शंभरात पंच्याहत्तर, दहा व पंधरा असे होते. यांतील कोळसा हलक्या लाकडाचा हवा. आपल्याकडे शेवरी, रुई व तुरीच्या काड्या यांचा कोळसा यासाठी वापरीत. तूर व रुई यांस या कोरड्या मुलखात तोटा नाही. या दारूचा मळ हवेतील ओल शोषून नळी गंजवितो, म्हणून शिकारीहून परतल्यावर कढत पाण्याने नळी धुणे हा व्यवहाराचा अखेरचा भाग असे.

या सर्व विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो केवळ हत्यारांपुरता नाही. वर पाहिलेल्या दोन शब्दसंग्रहांपैकी पारध, वाघूर, फास, ससेहोलपट हा एक, आणि शिकार, बंदूक, बार, छरा, केप हा दुसरा. पहिला देशी व पायी चालणाऱ्यांचा. दुसरा फार्सी-तुर्की-इंग्रजी व परवानाधारकांचा. ससा दोहोंत एकच. परंतु त्यास मारणारा एका शब्दाने शिकारी ठरे व दुसऱ्या शब्दाने पारधी, आणि समाजाच्या व सरकारच्या दृष्टीत या दोन शब्दांमध्ये फार मोठे अंतर पडले. ब्रिटिश मुलखात १८७८च्या हत्यार कायद्याने बंदूक बाळगणे परवान्यावर ठेवले. परवाना वजनदार माणसास मिळे. १८७१ साली प्रथम आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने, व विशेषतः १९११ नंतर त्याची व्याप्ती देशभर वाढल्यावर, अनेक भटक्या जमातींच्या माथी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. पारध्यांचाही त्यांत समावेश होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनांतून व बोलण्यातून अद्याप पुरता पुसला गेलेला नाही. एकाच माळावर एकाच सशामागे गेलेल्या दोघांपैकी एकाचे कृत्य मर्दानी खेळ व दुसऱ्याचे संशयास्पद भटकणे ठरावे, या अन्यायाची नोंद आपल्या शब्दकोशाने शिकार व पारध हे दोन शब्द वेगळे ठेवून केली आहे.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी या चित्रात दोन बदल केले. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. शिकारीची म्हणून आलेली बंदूक अशा रीतीने कायद्याच्या भाषेत राखणीची बंदूक झाली. कोकणात तिचा व्यवहार व तिचे नाव आजही लोकांच्या तोंडी आढळते. दुसरा बदल १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचा. त्यातील शिकारीच्या व्याख्येत गोळी घालून मारण्याप्रमाणेच फास लावणे, सापळा लावणे, हाकारणे हेही येते. आरंभी लहान सावजासाठी परवान्याची सोय होती; १९९१च्या दुरुस्तीने ती गेली, आणि रानसशाची शिकार आज कोणत्याही साधनाने गुन्हाच आहे. जाळे व बंदूक यांमधील जुना भेद कायद्याने अशा रीतीने प्रथमच मिटविला. शिकार व पारध एका व्याख्येत आल्या, पण त्या दोन्ही बंद झाल्यावर. ज्याची उपजीविका तीवर होती त्यास या समतेचा भार अधिक सोसावा लागला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आरंभीच्या म्हणीकडे परत वळू. सशाच्या शिकारीस वाघाची तयारी ठेवा, हा उपदेश एकेरी ठासणीच्या बंदुकीस लागू पडत नाही. वाघूर, भाले, कुत्री व माणसे घेऊन निघालेल्या मेळ्यास तो नेमका लागू पडतो, कारण हाका घातला म्हणजे झाडीतून काय उठेल याचा नेम नसतो. म्हणून ही म्हण, तिच्यात शिकार हा फार्सी शब्द असूनही, पारधीच्या अनुभवाची आहे, असे माझे मत आहे. शब्द एका परंपरेचा व अनुभव दुसरीचा, अशी ही सरमिसळ आहे आणि म्हणीचे श्रेय आजवर शिकाऱ्याच्या पदरी पडत आले आहे.

गज, रंजक, केप, बोळा, माशी हे शब्द हातात वस्तू घेऊन सांगू शकणारी माणसे कडा-आष्टीच्या बाजूस आता थोडी उरली असतील, आणि वाघुरीच्या गाठींची नावे सांगणारी त्याहून थोडी. पहिल्या प्रकारचे शब्द कोशांतून तरी सापडतात, कारण बंदूक बाळगणारे लोक लिहिणाऱ्यांच्या ओळखीचे होते. दुसऱ्या प्रकारचे बरेचसे शब्द कोणी टिपलेलेच नाहीत. विभागाच्या विद्यार्थ्यांनी या कामास लागताना आधी पारध्यांच्या वस्तीवर जावे व मग वाड्यावर, एवढीच सूचना करून हे टिपण पुरे करतो.